स्लोव्हेनिया: निसर्गाचे दिवस वेगळे आणि इतिहासाचे वेगळे काढू नका

पत्राने आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पन्नाशीतले एक जोडपे सप्टेंबरमध्ये नऊ रात्रींसाठी स्लोव्हेनियाला जाणार आहे. दोघांपैकी एकाला डोंगर, जंगल आणि पायवाटा हव्या आहेत, तर दुसऱ्याला इतिहास हवा आहे. दोघे शाकाहारी आहेत आणि परदेशात गाडी चालवण्याची त्यांची तयारी नाही. एवढ्याशा देशात नऊ रात्री करायचे काय, या शंकेने त्यांनी सुरुवातीला व्हिएन्ना आणि शेवटी झाग्रेब जोडले आहे, आणि उरलेल्या दिवसांची वाटणी करून ब्लेडचे तळे व पोस्तोयनाची गुहा निसर्गासाठी, तर राजधानी ल्युब्ल्याना आणि काही किल्ले इतिहासासाठी, असा आराखडा केला आहे.

मध्य युरोपात मराठी प्रवाशांचे छोटे गट नेण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, आणि त्या अनुभवावरून माझा सल्ला स्पष्ट आहे: व्हिएन्ना आणि झाग्रेब दोन्ही काढून टाका, आणि निसर्ग व इतिहास अशी दिवसांची वाटणीही रद्द करा. या देशात या दोन गोष्टी एकाच दरीत, पुष्कळदा एकाच पायवाटेवर भेटतात. स्थळांची यादी करण्यापेक्षा दऱ्या निवडल्या तर दोघांचेही समाधान होईल आणि कोणालाही दुसऱ्यासाठी दिवस ‘सोडावा’ लागणार नाही.

असे का, हे समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. स्लोव्हेनियाचे क्षेत्रफळ सुमारे २०,२७३ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण पंधराव्या हिश्श्याएवढे, आणि लोकसंख्या सुमारे २१ लाख आहे. निम्म्याहून अधिक भूमी जंगलाखाली आहे. वायव्येस आल्प्स, नैर्ऋत्येस चुनखडकाचे क्रास पठार, पूर्वेस हंगेरीकडे उतरत जाणारे मैदान आणि एड्रियाटिक समुद्राचा जेमतेम ४७ किलोमीटरचा किनारा, असे चार भिन्न प्रदेश या चिमुकल्या देशात एकमेकांना खेटून आहेत. इतिहासाच्या बाबतीत मात्र लोकांची अपेक्षा चुकते, कारण येथे स्वतःचे बलाढ्य राजघराणे फारसे नांदलेच नाही. चौदाव्या शतकापासून १९१८पर्यंत बहुतेक भूभाग हाब्सबुर्ग घराण्याकडे होता, किनारा १७९७पर्यंत व्हेनिसच्या ताब्यात होता, आणि मध्ये १८०९ ते १८१३ या काळात नेपोलियनने ल्युब्ल्यानाला आपल्या इलिरियन प्रांतांची राजधानी केले. पुढे युगोस्लाव्हिया झाला, १९४१मध्ये जर्मनी, इटली आणि हंगेरीने हा प्रदेश आपसात वाटून घेतला, युद्धानंतर पुन्हा युगोस्लाव्हिया आला, आणि २५ जून १९९१ रोजी स्वातंत्र्य जाहीर झाल्यावर दहा दिवसांची लढाई होऊन आजचा देश उभा राहिला. राजधानी नेहमी दुसरीकडेच असल्यामुळे व्हिएन्नासारखे राजवाडे येथे नाहीत. सैन्ये मात्र सतत याच खिंडींतून गेली, सीमा याच डोंगरांवरून सरकत राहिल्या, आणि त्यामुळे येथला इतिहास खंदकांत, पुलांत, खाणींत आणि गुहांत वाचावा लागतो.

नऊ रात्रींची विभागणी मी अशी करीन: पहिली रात्र ल्युब्ल्याना, पुढच्या दोन बोहिन, तीन कोबारिद, दोन क्रास पठारावर ‘दिवाचा’ किंवा ‘सेझाना’ या गावी, आणि परतीच्या आदली रात्र पुन्हा ल्युब्ल्याना. हा संपूर्ण प्रवास रेल्वे आणि बसने होतो. त्यातला रेल्वेचा भाग तर स्वतःच पाहण्यासारखा आहे, त्याविषयी पुढे सांगतो.

ब्लेडबद्दल आधी बोलून टाकू, कारण ते प्रत्येक छायाचित्रात असते. तळ्यातले बेट, त्यावरील चर्चकडे जाणाऱ्या ९९ पायऱ्या, वल्ह्यांच्या ‘प्लेत्ना’ नावा आणि कड्यावरचा किल्ला (त्याचा पहिला लिखित उल्लेख १०११चा आहे) हे सर्व खरोखर सुंदर आहे आणि अर्ध्या दिवसात पाहून होते. मुक्काम मात्र तेथे करू नये. बोहिनला जाणारी बस ब्लेडवरूनच जाते, तेव्हा सकाळी उतरून तळ्याला फेरी मारावी, दुपारी पुढची बस पकडावी आणि ब्लेडची प्रसिद्ध क्रीमची वडी खायची असल्यास त्यात अंडे असते हे लक्षात घ्यावे.

बोहिनचे तळे हे देशातले सर्वांत मोठे नैसर्गिक कायमस्वरूपी तळे आहे. क्षेत्रफळ सुमारे ३.१८ चौरस किलोमीटर. ते त्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येत असल्याने काठावर बांधकामांची गर्दी नाही. तळ्याभोवतीची पायवाट साधारण १२ किलोमीटरची असून चार तासांत आरामात पूर्ण होते. पश्चिम टोकापासून पुढे साव्हित्सा धबधब्यापर्यंत पाचशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. ७८ मीटरचा हा धबधबा कड्याच्या पोटातून बाहेर पडतो, वरून वाहत येत नाही. सह्याद्रीत फिरलेल्यांना हे प्रथम विचित्र वाटते, कारण आपल्या बेसाल्टवर पाणी वरून धावते आणि पावसाळा संपला की आटते. येथे चुनखडकाने वरचे पाणी गिळलेले असते आणि ते शेकडो मीटर खाली भलत्याच ठिकाणी बाहेर पडते. पुढच्या सगळ्या प्रवासाची ही गुरुकिल्ली आहे, म्हणून साव्हित्सा पाहायला हवा.

तळ्याजवळच्या व्होगेल डोंगराच्या केबल कारने वर गेल्यास त्रिग्लाव समोर दिसतो. उंची २,८६४ मीटर. देशाच्या ध्वजावर असलेले शिखर हेच. १७७८मध्ये बोहिन परिसरातल्या चौघांनी ते प्रथम सर केले आणि त्यामागे झिगा झोइस या जहागीरदाराचे प्रोत्साहन होते, ज्याच्या घराण्याच्या मालकीचे लोखंडाचे कारखाने याच खोऱ्यात होते. म्हणजे आज ‘निर्मळ निसर्ग’ म्हणून जे खोरे दाखवले जाते, तेथे एके काळी भट्ट्या धडधडत होत्या आणि त्यांच्या कोळशासाठी आसपासची जंगले तोडली जात होती. सप्टेंबरच्या मध्यास गेल्यास डोंगरावरची गुरे कुरणांतून खाली आणण्याचा उत्सव पाहायला मिळू शकतो. तारीख दरवर्षी बदलते, तेव्हा ती आधी पाहून मग बोहिनच्या रात्री ठरवाव्यात.

बोहिनहून कोबारिद हवाई अंतराने पंचवीस किलोमीटरच्या आत आहे, पण मधोमध डोंगराची भिंत उभी आहे. गाडीवाले क्रान्स्का गोरावरून व्हर्शिचच्या घाटाने वळसा घालतात. आपण रेल्वेने भिंतीच्या पोटातून जावे. बोहिन्स्का बिस्त्रित्साच्या स्थानकातून गाडी निघते आणि काही मिनिटांत सव्वासहा किलोमीटर लांबीच्या बोगद्यात शिरते. उत्तरेकडून आल्प्स ओलांडून त्रिएस्त बंदर गाठण्यासाठी ऑस्ट्रियाने १९०६मध्ये हा लोहमार्ग सुरू केला. बोगद्याच्या अलीकडे ओलसर, हिरवे आल्प्स असतात आणि पलीकडे बाचा नदीची अरुंद दरी, वेगळी घरे आणि थोडी उबदार हवा. मोस्त ना सोची स्थानकावर उतरून तोल्मिनमार्गे बसने कोबारिदला पोहोचता येते. एक सावधगिरी मात्र बाळगावी: या मार्गावर दुरुस्तीची कामे निघतात आणि तेव्हा काही टप्प्यांत गाडीऐवजी बस असते, म्हणून आदल्या संध्याकाळी वेळापत्रक तपासावे. शनिवार-रविवारी बस फार कमी असतात, त्यामुळे हे स्थलांतर आठवड्याच्या मधल्या वारी ठेवावे.

आता कोबारिद. नऊ रात्रींपैकी तीन मी येथे का ठेवल्या, याचे उत्तर सोचा नदीच्या दरीत आहे.

इटलीने २३ मे १९१५ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारले आणि ही दरी आघाडी बनली. सुमारे २९ महिन्यांत येथे बारा लढाया झाल्या. पहिल्या अकरा इटलीने केलेल्या चढाया होत्या, ज्यांत प्रचंड मनुष्यहानी होऊनही आघाडी काही किलोमीटरच सरकली. बारावी लढाई मात्र ऑस्ट्रिया-हंगेरी आणि जर्मनीने मिळून केली. २४ ऑक्टोबर १९१७च्या पहाटे बोवेत्सच्या खोऱ्यात विषारी वायूचा मारा झाला, त्यानंतर तोल्मिनकडून आलेल्या फौजा दरीतून आणि डोंगरधारांवरून एकदम पुढे घुसल्या, आणि इटलीची आघाडी कोसळली. अडीच लाखांहून अधिक इटालियन सैनिक कैद झाले आणि नवी आघाडी थेट पियावे नदीवर, व्हेनिसच्या जवळ, जाऊन थांबली. पुढे दुसऱ्या महायुद्धात गाजलेला एर्विन रोमेल तेव्हा कनिष्ठ अधिकारी होता आणि कोबारिदच्या वरच्या कोलोव्रात धारेवरून माताझुर शिखरापर्यंतच्या चढाईत त्याने नाव मिळवले. इटालियन भाषेत कोबारिदचे नाव ‘कापोरेत्तो’. दारुण पराभवासाठी तो शब्द आजही तेथे वापरला जातो.

कोबारिदचे संग्रहालय १९९०मध्ये स्थानिक लोकांनी उभे केले आणि १९९३मध्ये त्याला युरोप परिषदेचा संग्रहालय पुरस्कार मिळाला. कोणत्याही एका बाजूची शौर्यगाथा न सांगता ते दोन्हीकडच्या सामान्य सैनिकाचे हाल दाखवते, आणि म्हणूनच ते मला महत्त्वाचे वाटते. प्रथम तेथे दीड-दोन तास घालवावेत, मोठ्या उठावनकाशावर डोंगरांची नावे समजून घ्यावीत, आणि मग गावाच्या चौकातूनच सुरू होणारी ऐतिहासिक पायवाट धरावी. ही पाच किलोमीटरची फेरी आहे आणि जोडीदारांमधला निसर्ग-इतिहासाचा वाद ती एका दुपारात मिटवते. गावाबाहेर टेकडीवर इटालियन अस्थिस्मारक लागते. १६९६मध्ये अभिषेक झालेल्या संत अँथनीच्या चर्चभोवती अष्टकोनी दगडी मजले चढवून त्यात ७,०१४ सैनिकांचे अवशेष ठेवलेले आहेत, आणि १९३८मध्ये त्याच्या उद्घाटनास मुसोलिनी स्वतः आला होता. ही दरी त्या वेळी इटलीत होती आणि स्लोव्हेनियन भाषेची शाळा चालवण्यास बंदी होती, हे लक्षात घेतले की त्या भव्य पायऱ्यांचा अर्थ बदलतो. तेथून वाट जंगलात शिरते आणि तोनोव्त्सोव ग्रादवर पोहोचते, जेथे रोमन साम्राज्य ढासळत असताना, पाचव्या-सहाव्या शतकांत, लोकांनी आसऱ्यासाठी डोंगरमाथ्यावर तटबंदीची वस्ती केली होती. पुढे इटालियन खंदकांची रांग लागते, मग सोचावरचा झुलता पूल, आणि शेवटी कोझ्याक धबधबा.

कोझ्याकची उंची जेमतेम पंधरा मीटर आहे, त्यामुळे आकड्यावर जाऊन कोणी तो वगळू नये. लाकडी फळ्यांच्या अरुंद वाटेने, एका हाताने लोखंडी दोर धरून, घळीच्या आत जावे लागते. खडक दोन्ही बाजूंनी वर जवळजवळ मिटलेला असतो आणि समोर काळपट, थरांच्या भिंतींच्या कोनाड्यात पांढरी धार हिरव्या डोहात पडते. सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळात येथे रांग लागते. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पाचनंतर जावे. परतीची वाट नेपोलियन पुलावरून येते. मूळ दगडी पूल १७५०चा असून मे १९१५मध्ये माघार घेणाऱ्या ऑस्ट्रियन सैन्याने तो उडवला होता.

दुसरा दिवस तोल्मिनसाठी ठेवावा. सकाळी तोल्मिन्का आणि झादलाश्चित्सा या दोन नद्यांच्या संगमावरची घळ पाहावी. राष्ट्रीय उद्यानाचे हे सर्वांत सखल प्रवेशद्वार आहे, उंची फक्त १८० मीटर. त्यानंतर यावोर्त्साला जावे. तोल्मिनपासून हे अंतर सुमारे आठ किलोमीटर आहे, रस्ता अरुंद आणि कड्याच्या कडेने जातो, त्यामुळे स्वतः गाडी चालवणाऱ्यांनाही मी येथे स्थानिक वाहनाने जाण्याचा सल्ला देतो. दरीच्या टोकाला, कुरणाच्या वर, एक लाकडी चर्च आहे. १९१६च्या मार्च ते नोव्हेंबर या काळात, आघाडी डोक्यावर असताना, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या पहाडी तुकडीतल्या सैनिकांनी आपल्या मृत सोबत्यांसाठी ते बांधले. आराखडा व्हिएन्नाचे कलावंत रेमिगिउस गाय्लिंग यांचा. बाहेरच्या भिंतीवर साम्राज्यातल्या वीस प्रांतांची मानचिन्हे रंगवलेली आहेत. आत निळा, काळा, सोनेरी आणि पांढरा एवढेच रंग आहेत, आणि भिंतींना पुस्तकाच्या पानांसारख्या उघडणाऱ्या लाकडी फळ्या बसवल्या आहेत. त्या फळ्या दारूगोळ्याच्या पेट्यांच्या आहेत आणि त्यांवर २,५६४ सैनिकांची नावे तापलेल्या लोखंडाने डागून लिहिली आहेत. हंगेरियन, चेक, पोलिश, बोस्नियन, स्लोव्हेनियन, जर्मन अशी सर्व प्रकारची नावे एकाच फळीवर येतात. माझ्याबरोबर आलेले लोक येथे हळू आवाजात ती नावे वाचू लागतात, त्यांना तसे सांगावे लागत नाही. चर्च ठरावीक दिवशी आणि मोसमातच उघडे असते, म्हणून तोल्मिनच्या पर्यटन कार्यालयात आधी चौकशी करावी.

तिसऱ्या दिवशी बसने बोवेत्स आणि, बस मिळाल्यास, त्रेंतापर्यंत जावे. सोचाचा हिरवा-निळा रंग खरा आहे. डावीकडे १०६ मीटरची मुख्य उडी घेणारा बोका धबधबा दिसतो, तोही कड्यातूनच फुटलेला. त्रेंतात १९२६मध्ये लावलेली आल्पाइन वनस्पतींची बाग आहे, पण ती मे-जूनमध्ये फुललेली असते. सप्टेंबरमध्ये तिच्यासाठी मुद्दाम वेळ काढू नये. १,६११ मीटर उंचीच्या व्हर्शिच खिंडीतून जाणारी बस उन्हाळ्याच्या मोसमापुरतीच असते. ती चालू असेल तर जरूर बसावे. पन्नास वळणांचा हा घाट पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला गेला. ८ मार्च १९१६ रोजी हिमलोट कोसळून त्यांतले शंभराहून अधिक कैदी गाडले गेले, आणि उरलेल्यांनी बांधलेले छोटे लाकडी चॅपल क्रान्स्का गोराच्या बाजूच्या एका वळणाजवळ आजही आहे.

कोबारिदहून क्रासकडे जातानाही रेल्वेच वापरावी. मोस्त ना सोचीहून दक्षिणेला निघालेली गाडी सोचाच्या काठाने जाते आणि सोल्कानच्या पुलावरून नदी ओलांडते. पुलाच्या मुख्य कमानीचा गाळा ८५ मीटरचा असून दगडी कमानीच्या रेल्वे पुलांमध्ये तो जगात सर्वांत मोठा मानला जातो. ऑगस्ट १९१६मध्ये तो उडवला गेला आणि १९२७मध्ये इटलीने पुन्हा दगडातच बांधला. पुलावरून जाताना पूल दिसत नाही, म्हणून नोवा गोरित्सात उतरून सोल्कानपर्यंत मागे चालत यावे, अर्ध्या तासाचे अंतर आहे. नोवा गोरित्सा हे शहरही विलक्षण आहे. १९४७च्या तहात जुने गोरित्सिया इटलीकडे गेले आणि रेल्वे स्थानक युगोस्लाव्हियाकडे राहिले, तेव्हा या बाजूला मोकळ्या शेतात नवे शहर उभारले गेले. स्थानकासमोरच्या चौकातून सीमा जाते. २००४पर्यंत तेथे कुंपण होते, आता फरशीत एक धातूची तबकडी आहे आणि लोक एक पाय इटलीत ठेवून छायाचित्रे काढतात. २०२५मध्ये दोन्ही शहरांनी मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी हा मान भूषवला.

नोवा गोरित्साहून सेझानाकडे जाणारी छोटी गाडी वाटेत श्टान्येलला थांबते. दगडी छपरांचे हे डोंगरी गाव दोन तास पुरेल असे आहे, पण गाड्या थोड्या असतात, म्हणून परतीची वेळ पाहूनच उतरावे.

क्रास पठारावर लोक पोस्तोयनाची गुहा की श्कोत्स्यानची, असे विचारतात. एकच निवडायची असेल तर श्कोत्स्यान, यात मला शंका नाही. पोस्तोयनाची गुहा २४ किलोमीटर लांब आहे, आत १८७२पासून रेल्वे चालते, लवणस्तंभ अप्रतिम आहेत, आणि काळोखात राहणारा आंधळा ‘प्रोतेउस’ हा उभयचर प्राणी तेथेच पाहावा. पण ती फार सराईतपणे चालवलेली जागा आहे. आत शिरताना प्रवेशद्वाराजवळचे काळे पडलेले छत मात्र जरूर पाहा: १९४४च्या एप्रिलमध्ये जर्मनांनी येथे साठवलेले इंधन पार्टिझान सैनिकांनी (आक्रमकांविरुद्ध लढणाऱ्या स्थानिक गनिमांनी) पेटवून दिले, त्याची ती काजळी आहे. गुडघे दुखणाऱ्यांसाठी किंवा पाऊस लागल्यास पोस्तोयना हा चांगला पर्याय आहे.

श्कोत्स्यान १९८६पासून जागतिक वारसा यादीत आहे. दिवाचा स्थानकावरून पाइनच्या जंगलातून खुणा केलेल्या वाटेने तीनेक किलोमीटर चालत गेले की तिकीटघर येते. प्रवेश वाटाड्याबरोबरच, ठरावीक वेळी मिळतो आणि आत छायाचित्रण करू दिले जात नाही. पहिला अर्धा तास शांत, कोरड्या दालनांचा असतो आणि मनात थोडी निराशाही येते. मग एक गडगडाट ऐकू येऊ लागतो, दालन अचानक उघडते आणि समोर भूगर्भातली दरीच पसरलेली दिसते. रेका नदी तळाशी वाहत असते, आणि भिंतीच्या कडेने जाणाऱ्या वाटेवरचे दिवे दूरवर खाली-वर होत गेलेले दिसतात. चेर्क्वेनिक पुलावरून नदी सुमारे ४५ मीटर खाली असते. समोरच्या भिंतीत खूप वरपर्यंत कोरलेल्या अरुंद पायऱ्या दिसतात. त्या एकोणिसाव्या शतकातल्या शोधकांच्या आणि त्यांना साथ देणाऱ्या गावकऱ्यांच्या आहेत. १९६५च्या पुरात येथले पाणी शंभर मीटरहून अधिक चढले होते, हे त्याच पुलावर उभे राहून ऐकले की अंगावर काटा येतो. नदी येथे जमिनीत जाते आणि सुमारे ३५ किलोमीटर पलीकडे इटलीत तिमावो या नावाने समुद्राजवळ वर येते. परिसरातल्या ‘मुश्या यामा’ या खोल विवरात इसवीसनपूर्व बाराव्या ते आठव्या शतकांतली शेकडो शस्त्रे आणि भांडी सापडली, जी लोकांनी वरून अर्पण म्हणून टाकली होती. पाणी गिळणाऱ्या भूमीला देवत्व देणे साहजिकच होते. एकूण चाल तीनेक किलोमीटर आणि पाचशेहून अधिक पायऱ्या. आत १२ अंश तापमान असल्याने स्वेटर आणि रबरी तळाचे बूट हवेत.

इद्रिया, प्तुय हे जुने शहर, किनाऱ्यावरचे पिरान आणि कोचेव्येची जंगले ही ठिकाणे मी या आराखड्यात घेतलेली नाहीत. इद्रियाची पाऱ्याची खाण (स्पेनच्या अल्मादेननंतर जगातली दुसरी मोठी, आणि २०१२पासून त्याच्याबरोबरच जागतिक वारसा) स्वतःच्या गाडीशिवाय जिकिरीची पडते. पुढच्या खेपेस गाडी घेतली तर तिच्याबरोबर त्सेर्क्नोजवळच्या घळीतले फ्रान्या हे पार्टिझानांचे गुप्त रुग्णालय जोडावे. डिसेंबर १९४३पासून युद्ध संपेपर्यंत ते चालू होते आणि शत्रूला कधीच सापडले नाही.

शेवटच्या ल्युब्ल्याना मुक्कामात योझे प्लेचनिक या वास्तुकाराने दोन महायुद्धांच्या दरम्यान घडवलेले पूल, बाजार आणि ग्रंथालय पाहावे; २०२१मध्ये त्याच्या कामाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. शहराच्या दलदलीत सापडलेले सुमारे ५,१५० वर्षांपूर्वीचे लाकडी चाक आणि त्याचा आस नगर संग्रहालयात आहे. आणि एक संध्याकाळ शहराभोवतीच्या ‘तारेच्या वाटेवर’ चालावे. फेब्रुवारी १९४२ ते मे १९४५ या काळात इटालियन आणि नंतर जर्मन सैन्याने संपूर्ण शहराला काटेरी तारेचे कुंपण घातले होते. त्याच रेषेवर आज झाडांची रांग असलेली तीसेक किलोमीटरची पायवाट आहे, ज्यावर लोक कुत्री फिरवतात आणि मुले सायकली चालवतात.

व्यवहाराच्या गोष्टी. भारतातून ल्युब्ल्यानाला थेट विमान नाही. व्हेनिस, म्युनिक, व्हिएन्ना किंवा झाग्रेब येथे उतरून बस वा रेल्वेने यावे. मला व्हेनिस सर्वांत सोयीचे वाटते. शेंगेन व्हिसासाठी अर्ज ज्या देशात सर्वाधिक रात्री काढणार त्या देशाकडे करायचा असतो, म्हणजे या आराखड्यानुसार स्लोव्हेनियाकडेच, मग विमान इटलीत उतरत असले तरी. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. त्यात डोंगरातून हेलिकॉप्टरने सुटका करण्याचा खर्च धरला आहे का, हे पॉलिसीत वाचून घ्यावे, कारण पुष्कळ स्वस्त पॉलिसींत तो वगळलेला असतो. रविवारी बहुतेक किराणा दुकाने कायद्याने बंद असतात, तेव्हा शनिवारीच खरेदी उरकावी.

शाकाहाराचे म्हणाल तर अडचण आहे, पण उपासमार नाही. पनीरासारख्या ताज्या चीजने भरलेले ‘श्त्रुक्ली’ जवळपास सर्वत्र मिळतात. कुट्टूच्या पिठाच्या ‘झ्गान्त्सी’वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे घालण्याची पद्धत आहे, ‘योता’ या आंबट कोबी-राजम्याच्या रश्शात बहुधा मांस असते आणि इद्रियाच्या बटाटाभरल्या ‘झ्लिक्रोफी’च्या सारणातही चरबी घालतात, म्हणून नुसते ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही. ‘ब्रेझ मेसा, ब्रेझ ओत्स्वीर्कोव्ह’, म्हणजे मांस नको आणि चरबीचे तुकडेही नकोत, असे सांगावे. मुक्कामासाठी शेतघर निवडल्यास आरक्षण करतानाच हे लिहून कळवावे. यजमानीण मशरूम, बटाटे आणि भोपळ्याच्या बियांच्या तेलातले सॅलड करून घालते. नळाचे पाणी सर्वत्र पिण्यायोग्य आहे.

एक इशारा प्रत्येकाला देतो. या देशातल्या जंगलांत गोचिडी भरपूर आहेत आणि त्यांच्या चाव्यातून मेंदूज्वर व लाइम रोग होऊ शकतो. गवतातून चालताना लांब विजार मोज्यांत खोचावी आणि रोज रात्री गुडघ्यामागे, कमरेशी व मानेवर तपासावे. मेंदूज्वरावर लस आहे, पण तिच्या मात्रांना काही आठवडे लागतात, म्हणून व्हिसाच्या आधीच डॉक्टरांशी बोलावे.

राहिला प्रश्न त्रिग्लाव चढण्याचा, जो पत्राच्या शेवटी चाचरत विचारला आहे. राजगड, हरिश्चंद्रगड नियमित करणाऱ्याच्या दमात तो बसतो, परंतु शेवटचा टप्पा लोखंडी खुंट्या आणि तारांच्या आधाराने उघड्या धारेवरून जातो, चुनखडकाची भुरभुरीत घसरण आपल्या पायांच्या सवयीची नाही, आणि शिरस्त्राण व पट्टा लागतो. दोन दिवस, अधिकृत वाटाड्या आणि डोंगरावरच्या निवाऱ्यात आगाऊ जागा ही किमान तयारी आहे. उंचावरचे निवारे सप्टेंबरअखेरीस बंद होऊ लागतात आणि पहिला बर्फही तेव्हा पडू शकतो. हे सर्व जमवायचे असेल तर बोहिनला दोन रात्री वाढवून क्रासची एक आणि कोबारिदची एक कमी करावी, प्रवास सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ठेवावा, आणि वाटाड्याने सकाळी हवामान पाहून नकार दिला तर त्याच्याशी वाद न घालता व्होगेलची केबल कार पकडावी.